काळजीचे दोन अर्थ

गेल्या वर्षीच्या मार्च महिन्यातील गोष्ट. आमच्या वहिनींच्या कार्यालयात महिला दिन साजरा झाला आणि प्रत्येक स्त्री कर्मचाऱ्याला एक सुबक खोका भेट मिळाला. खोक्यात सुगंधी मेणबत्ती होती, चेहऱ्यावर पसरण्याचा ओला कागदी मुखवटा होता, टबमध्ये पडून राहताना पाण्यात घालावयाच्या क्षारांची बाटली होती आणि केसांसाठीच्या जेलीसारख्या गोळ्यांची लहानशी बरणी होती. वर एक गुलाबी कार्ड. सर्वांचे करता करता थोडा वेळ स्वतःसाठीही काढा, अशा आशयाचा मजकूर त्यावर छापलेला होता.

वहिनी डोंबिवलीला राहतात. सकाळची ६.५२ ची लोकल पकडतात आणि रात्री आठच्या सुमारास घरी पोहोचतात. त्यांच्या न्हाणीघरात बादली आणि तांब्या आहे, टब नाही. त्यामुळे क्षारांची बाटली गिझरच्या वरच्या फळीवर गेली. मेणबत्ती वीज गेल्यावर उपयोगी पडेल म्हणून खणात ठेवली गेली. मुखवटा मुलीने लावून पाहिला. वहिनींनी स्वतः वापरल्या त्या फक्त केसांच्या गोळ्या, कारण गेले काही महिने त्यांचे केस फार गळत होते. ती बरणी संपली तेव्हा त्यांनी दुसरी मागवली, मग तिसरी. जोडीला केसांच्या मुळांना लावण्याचे एक महागडे द्रव्यही आले. "स्वतःसाठी एवढे तरी करायला हवे," असे त्या म्हणत, आणि आम्हा सर्वांना ते पटत असे.

गणपतीच्या सुमारास स्टेशनचा पूल त्यांना एका दमात चढता येईनासा झाला. मध्ये थांबून कठडा धरावा लागे. शेवटी एका शनिवारी रजा टाकून त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी केसांविषयी नंतर विचारले. पहिला प्रश्न होता, "पाळी किती दिवस चालते?"

"आठ-नऊ दिवस."

"केव्हापासून?"

"झाली असतील तीन वर्षे."

रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७.६ निघाले. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असले की तो रक्तक्षय समजतात. ८ च्या खाली गेले की तो तीव्र मानतात. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ दिसली. केस गळणे, दम लागणे, दुपारनंतर डोळ्यांवर येणारी झापड, या सगळ्यांच्या मुळाशी दरमहा शरीरातून जाणारे रक्त होते.

उपचार झाले, वहिनी आता बऱ्या आहेत. मात्र दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्या जे बोलल्या ते माझ्या मनातून अजून गेलेले नाही. "माझेच चुकले. मी स्वतःकडे लक्षच दिले नाही." वास्तविक त्यांनी लक्ष दिले होते. सहा महिने, पगारातून पैसे बाजूला काढून, ज्या रीतीने लक्ष द्यावे असे त्यांना सांगण्यात आले होते त्याच रीतीने दिले होते. आजचा बाजार 'स्वतःची काळजी' म्हणून जे आपल्या हाती ठेवतो आणि शरीराला जी काळजी हवी असते, त्या दोहोंत पडलेल्या अंतराविषयी आज थोडा विचार करू.

शब्द कोठून आला

'सेल्फ-केअर' हा शब्द आज सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनांवर दिसतो, पण त्याचा जन्म तेथे झालेला नाही. तो आला रुग्णसेवेतून. डोरोथिया ओरेम या अमेरिकी परिचारिकेने १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या कल्पनेची शास्त्रीय मांडणी केली. श्वास, पाणी, अन्न, मलमूत्रविसर्जन, श्रम आणि विश्रांती यांचा समतोल, एकांत आणि सोबत यांचा समतोल, या गरजा माणूस रोज स्वतःच्या स्वतः भागवीत असतो. आजाराने, वयाने किंवा परिस्थितीने ते अशक्य झाले की जी उणीव राहते ती भरून काढणे म्हणजे परिचर्या, असा तिच्या विचाराचा सारांश सांगता येईल. म्हणजे या कल्पनेच्या गाभ्यातच दुसरा माणूस उभा आहे. मी माझे करीन. मला जमेनासे होईल तेथे तू हात लाव.

त्याच काळात अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात या शब्दाला आणखी एक धार आली. ब्लॅक पँथर पक्षाने १९६९ पासून गरीब मुलांना शाळेआधी मोफत न्याहारी देण्यास आरंभ केला, वस्त्यांमध्ये मोफत दवाखाने उघडले, सिकल सेल या रक्तविकाराच्या तपासण्या केल्या. जी व्यवस्था आपल्या आरोग्याकडे पाहत नाही तिच्यावर विसंबून न राहता आपण एकमेकांना सांभाळू, हा त्यामागील विचार होता. ऑड्री लॉर्ड ही कवयित्री कर्करोग यकृतापर्यंत पसरलेला असताना लिहीत होती. १९८८ च्या 'अ बर्स्ट ऑफ लाइट' या पुस्तकात तिने स्वतःला जपण्याचा विचार मांडला, तो मरणाच्या छायेत वावरणाऱ्या आणि अन्यायाशी झगडणाऱ्या एका स्त्रीचा होता. तिच्या लेखी त्यात चैनीचा लवलेश नव्हता. टिकून राहणे हाच लढ्याचा भाग होता. आज तिचेच विचार, संदर्भ गाळून, स्नानाच्या साबणाशेजारी आणि सुगंधी तेलाशेजारी छापले जातात.

जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याही लक्षात घेण्याजोगी आहे. स्वतःची काळजी घेणे म्हणजे व्यक्तींनी, कुटुंबांनी आणि समुदायांनी आरोग्य राखण्याची, रोग टाळण्याची आणि आजाराला तोंड देण्याची क्षमता, असे ती म्हणते. या व्याख्येत व्यक्तीच्या जोडीने कुटुंब आहे आणि समुदायही आहे. बाजाराने उचलली ती फक्त व्यक्ती, आणि तीही हातात पैसे असलेली.

या बाजाराचा पसारा केवढा आहे याची कल्पना एका आकड्यावरून येईल. ग्लोबल वेलनेस इन्स्टिट्यूट या संस्थेच्या हिशेबानुसार २०२३ मध्ये जगातील 'वेलनेस' अर्थव्यवहार ६.३ लाख कोटी डॉलरचा होता. सौंदर्यप्रसाधने, पूरक आहार, व्यायामशाळा, स्पा, आरोग्य-पर्यटन असे बरेच काही त्यात धरलेले आहे. एवढ्या मोठ्या व्यवहाराला रोज नवी मागणी लागते. ती कशी निर्माण होते, हे दोन जुन्या उदाहरणांवरून पाहता येईल.

आधी वस्तू, मग गरज

लिस्टरीन हे द्रव्य अमेरिकेत १८७९ मध्ये तयार झाले ते शस्त्रक्रियेसाठी जंतुनाशक म्हणून. विक्री खरी वाढली ती १९२० च्या दशकात, जेव्हा उत्पादकांनी तोंडाच्या दुर्गंधीला 'हॅलिटोसिस' हे वैद्यकीय भासणारे नाव जाहिरातींतून घरोघरी पोहोचवले. त्या जाहिरातींमध्ये लग्न न जमलेल्या तरुणी असत, मित्रांनी टाळलेले तरुण असत, आणि कारण त्यांना कोणी तोंडावर सांगत नसे. दुर्गंधी पूर्वीही होतीच. पण आपल्या नकळत आपल्याला ती असावी आणि लोक त्यामुळे आपल्याला टाळत असावेत, ही धास्ती नवी होती. द्रव्य तेच राहिले, त्याच्याभोवती चिंता तेवढी नव्याने उभारली गेली.

दुसरे उदाहरण अधिक सौम्य आहे आणि आपल्या सर्वांच्या मनगटावर आहे. रोज १०,००० पावले चालावे, हा नियम आज कित्येकजण वैद्यकशास्त्राची आज्ञा समजून पाळतात. त्याचा उगम जपानचा. टोकियोत १९६४ मध्ये ऑलिम्पिक स्पर्धा झाल्या, देशात व्यायामाची लाट आली आणि १९६५ मध्ये एका घड्याळ कंपनीने पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा लक्षात राहण्यासारखा होता, म्हणून राहिला. पुढे संशोधकांनी प्रत्यक्ष मोजमाप केले. अमेरिकेतील १६,७४१ वृद्ध स्त्रियांच्या, सरासरी वय ७२, चालण्याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्येही मृत्यूचे प्रमाण फार कमी चालणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी होते, आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर त्यात आणखी घट दिसली नाही. चालणे उत्तमच आहे, आणि जास्त चालण्याची सवय असलेल्यांनी ती सोडण्याचे काही कारण नाही. पण रात्री साडेदहाला, उरलेली बाराशे पावले पुरी करण्यासाठी थकलेल्या पायांनी दिवाणखान्यात येरझारा घालणारी गृहिणी कोणाची आज्ञा पाळत असते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

झोपेचेही तसेच. झोप मोजणारी घड्याळे आली आणि काही माणसे घड्याळाने दिलेल्या गुणांची इतकी चिंता करू लागली की त्या चिंतेनेच त्यांची झोप बिघडली. अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांनी २०१७ मध्ये या प्रकाराला 'ऑर्थोसोम्निया' असे नावही दिले.

आपल्या भाषेने हे गुपित फार पूर्वीच ओळखले होते असे म्हणावेसे वाटते. मराठीत 'काळजी' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. आपण कोणाची काळजी घेतो, आणि आपल्याला कशाची तरी काळजी लागते. माया आणि चिंता एकाच शब्दात नांदतात, कारण घरात त्या एकत्रच असतात. बाजाराने मात्र या दोन अर्थांचा क्रम लावला आहे. पहिल्याने तो काळजी लावतो आणि मग काळजी घेण्याची वस्तू पुढे करतो. केस, त्वचा, पोट, झोप, मन, एकेका अवयवाला आणि अवस्थेला स्वतंत्र उणीव चिकटवली जाते. वहिनींच्या बाबतीत घडले ते हेच. शरीर एक प्रश्न विचारीत होते. प्रश्न पुरता ऐकण्याआधीच बरणीतले उत्तर घरी पोहोचले, आणि उत्तर मिळाल्यावर प्रश्न कोण विचारतो?

दिवस कोठे जातो

कार्डावर लिहिले होते, वेळ काढा. खोक्यात वेळ तेवढा नव्हता.

वहिनींनी तीन वर्षे डॉक्टर का गाठला नाही, याचा शोध घेतला तर उत्तर निष्काळजीपणात सापडत नाही, घड्याळात सापडते. जवळच्या दवाखान्याची वेळ सकाळी १० ते १ आणि सायंकाळी ५ ते ८. या दोन्ही वेळांना त्या कचेरीत तरी असत किंवा गाडीत तरी. शनिवारी सासऱ्यांची फिजिओथेरपी, रविवारी आठवड्याची भाजी, धुणे, मुलीचा प्रकल्प. रात्री अकरा वाजता मात्र एक दुकान उघडे असे, ते हातातल्या फोनमध्ये. दोन बोटांत बरणी मागवता येते. दोन बोटांत पोट तपासून घेता येत नाही. बाजार जिंकतो तो पुष्कळदा यामुळे की आपल्या थकल्या वेळी तो एकटाच जागा असतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर कालवापर सर्वेक्षण केले. त्यात माणसाच्या दिवसाचे २४ तास कामांनुसार विभागलेले असतात आणि एका विभागाचे नावच 'स्वतःची काळजी व देखभाल' असे आहे. त्यात झोप, खाणेपिणे, अंघोळ, स्वच्छता इत्यादी येते. सहा वर्षांवरील भारतीय माणूस यासाठी दिवसाला सरासरी ७०८ मिनिटे देतो. पुरुष ७१० आणि स्त्रिया ७०६. म्हणजे येथे फरक नाममात्र आहे. फरक उरलेल्या दिवसात आहे. घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्या बिनमोबदला कामासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर ते काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. पाच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, हे आकडे २९९ आणि ९७ होते. स्त्रियांची मिनिटे थोडी कमी झाली खरी, पण पुरुषांचीही झाली.

या आकड्यांशेजारी आणखी एक आकडा ठेवून पाहावा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला; महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होते. अर्ध्याहून अधिक स्त्रिया. एवढ्या स्त्रियांनी एकाच वेळी 'स्वतःकडे लक्ष दिले नाही' असे म्हणणे म्हणजे पूर आला तेव्हा प्रत्येक घराला स्वतंत्रपणे दोष देण्यासारखे आहे. ताटात काय पडते, कोण शेवटी जेवते, पाळीविषयी मोकळेपणी बोलता येते की नाही, दवाखाना किती लांब आहे आणि कोणत्या वेळी उघडा असतो, या सगळ्याचा हा हिशेब आहे. तो एकटीच्या नावावर मांडला की एकीकडे अपराधीपणा वाढतो आणि दुसरीकडे विक्री.

रविवार कोणी मिळवून दिला

विश्रांती विकत घेण्याची वस्तू झाली नव्हती त्या काळाची आठवण मुंबईतच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील कापडगिरण्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची निश्चित सुटी नसे. सत्यशोधक विचारांचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि जी मागणी लावून धरली तिच्यात आठवड्याची सुटी अग्रभागी होती. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेरीस १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटीला आधार दिला आणि स्त्रियांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घातली.

त्या कामगारांच्या अंगावरचा शीण आजच्या लोकलमधल्या शिणाहून हलका नव्हता. त्यांना कोणी सांगितले असते की, बाबांनो, घरी जाऊन सुवासिक तेलाने पाय चोळा म्हणजे बरे वाटेल, तर ते खोटे ठरले नसते. पाय चोळल्याने बरे वाटतेच. पण सुटीचा प्रश्न मात्र तसाच राहिला असता. त्यांनी थकव्याचे कारण स्वतःच्या अंगात शोधले नाही, कामाच्या तासांत शोधले. आपण ज्या रविवारी दुपारी पडून राहतो तो रविवार असा मिळालेला आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूतिरजा मिळू लागली, तीही याच जातीची काळजी म्हणावी लागेल. आणि घरकाम, शेतमजुरी, फेरीविक्री करणाऱ्या असंख्य स्त्रिया अजून तिच्या बाहेर आहेत, हेही त्याच श्वासात म्हणावे लागेल.

जुने ते सगळे सोने नव्हे

येथे कोणी म्हणेल की आपल्या परंपरेत हे सगळे होतेच. होते, यात शंका नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येला स्वतंत्र अध्याय आहे. रोजचा अभ्यंग करावा, विशेषतः डोके, कान आणि पाय यांना तेल लावावे, असे त्यात सांगितले आहे. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना अंगाला तेल, शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि मुख्य म्हणजे घरकामातून सुटका मिळे. या काळजीचे वैशिष्ट्य असे की ती दुसऱ्याच्या हाताने होई. पाठीला तेल कोणालाही आपले आपण नीट लावता येत नाही.

तथापि त्या हातांचाही विचार व्हायला हवा. बाळंतिणीला तेल लावणाऱ्या बाईला स्वतःच्या बाळंतपणात किती दिवस पडून राहता आले? माहेर गरीब असेल, किंवा तिसरी मुलगी झाली असेल, तर सव्वा महिन्याचे किती दिवस उरत? पाळीच्या चार दिवसांत स्त्री बाजूला बसे, तेव्हा विसाव्यापेक्षा विटाळच अधिक होता. तेव्हा मागे जाण्याचा आग्रह येथे नाही. शिवाय बाजाराने दिलेले सगळेच टाकाऊ आहे असेही नाही. सॅनिटरी पॅड, घरचे रक्तदाबयंत्र, चांगल्या तळव्याचे बूट, थकल्या दिवशी बाहेरून मागवलेली पोळी-भाजी, यांनी अनेकींचे जिणे सुसह्य केले आहे. एखाद्या संध्याकाळी सुगंधी साबणाने अंघोळ करून मन प्रसन्न होत असेल तर त्यात अपराध कसला? ते स्वतःचे लाड आहेत, आणि लाडही हवेतच. फक्त लाडांना काळजी समजले की खरी काळजी मागायची राहून जाते.

घरात काय करता येईल

काही गोष्टी वाचकांनी या पंधरवड्यात करून पाहाव्यात.

पहिली गोष्ट लक्षणांची. सतत थकवा, जिना चढताना दम लागणे, छातीत धडधड, केस अधिक गळणे, माती-खडू किंवा बर्फ खावासा वाटणे, यांपैकी काही असेल तर कोणतीही बरणी मागवण्याआधी रक्ताची साधी तपासणी करावी. पाळी सात दिवसांहून अधिक चालत असेल, तासा-दोन तासांत पॅड बदलावे लागत असेल किंवा रक्ताच्या मोठ्या गुठळ्या जात असतील तर 'आमच्याकडे सगळ्यांचेच असे' म्हणून सोडून देऊ नये. घरातल्या पुरुषांनीही हे वाचावे. कारण दवाखान्यात चल, असे म्हणणारा माणूस पुष्कळदा घरातलाच लागतो.

दुसरी गोष्ट बरण्यांची. पूरक आहाराच्या वेष्टनावर, तो औषधी उपयोगासाठी नाही, अशा अर्थाची इंग्रजी सूचना आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार छापलेली असते. ती शोधून वाचावी. केसांच्या बहुतेक गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व असते. त्याची मोठी मात्रा थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या निदानासाठी होणाऱ्या काही रक्ततपासण्यांचे निकाल चुकवू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. म्हणून तपासणीला जाताना आपण काय काय घेतो ते डॉक्टरांना सांगावे, 'ते काही औषध नव्हे' असे समजून वगळू नये.

तिसरी गोष्ट वेळेची. एका रविवारी घरातल्या सर्वांनी मिळून मागच्या सात दिवसांचा ताळा मांडावा. सकाळी प्रथम कोण उठले, शेवटी कोण झोपले, जेवताना कोण किती वेळा उठले, कोणाला सलग एक तास कोणी हाक मारली नाही. या कागदावर कोणावर आरोप करू नये. नुसता कागद समोर ठेवावा. तो पुरेसे बोलतो.

आणि चौथी, वाढदिवसाच्या किंवा भाऊबिजेच्या आधी स्वतःला विचारण्याची. तिला काय द्यावे, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. तिच्या अंगावरचे काय कायमचे उतरवावे, हा विचारून पाहावा. रोजचा एक डबा, आठवड्याची भाजी, आजोबांची औषधे आणणे, शाळेचा संदेशगट सांभाळणे, यांतले एक काम दुसऱ्याने संपूर्ण आपल्याकडे घेतले, म्हणजे आठवण करून देण्याची जबाबदारीही तिच्याकडे ठेवली नाही, तर जी मोकळी वेळ मिळते ती कोणत्याही खोक्यात मिळत नाही. कार्यालयातही हाच प्रश्न लागू आहे. महिला दिनाला सुगंधी मेणबत्तीऐवजी वर्षातून दोन अर्धे दिवस वैद्यकीय तपासणीसाठी भरपगारी द्यावेत, अशी मागणी करायला काय हरकत आहे? लोखंड्यांच्या शहरात ती फार मोठी ठरू नये.

वहिनींच्या घरी काही बदल झाले आहेत. सकाळचे डबे आता दादा भरतो. पहिले पंधरा दिवस भाजीत मिठाचा मेळ नव्हता. आता बसला आहे. सासऱ्यांच्या फिजिओथेरपीला नात जाते. दर तीन महिन्यांनी शनिवारी सकाळी वहिनी रक्त तपासून घेतात. मागच्या वेळी हिमोग्लोबिन ११.४ होते. रविवारी जेवणे झाल्यावर दोन ते चार स्वयंपाकघर बंद असते. चहा हवा असेल त्याने आपला करून घ्यावा आणि भांडे विसळून ठेवावे, असा नियम आहे. त्या दोन तासांत वहिनी काय करतात, असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "काही नाही." आणि पुन्हा कूस बदलून झोपल्या.